हरणाबाईचं उरलेलं कडवं

तेर,
ता. ४ ऑगस्ट २०२५

चि. पौर्णिमा हिस आज्जी सरुबाईचा जयभीम आन अ. उ. आ.

तर आधी आली शिवलीला. इकडं माझा तवा तापलेला, भाकरी थापलेली, आन ही शेजारीण पिठाच्या हातानं दारात. म्हणली, मावशी, गावात एक पांढरी जीप फिरतीया, आन त्यातला माणूस ज्याला त्याला इचारतोय की फार मागं ढोकीच्या रस्त्याला खुरपायला कोण कोण बायका जायच्या. म्या म्हणलं, बाई, कोण जात न्हवतं ते इचार म्हणावं, लवकर सांगून हुईल. तिच्या मागनं दैवशाला आली, आपल्या हरणाबाईची लेक, अंगणवाडीची बाई. तिला वाटलं तपासणी आली, म्हणून खिचडीचं पातेलं झाकून पळत आलती. आन तिच्या मागनं जीप. भाकर करपली ती करपलीच.

आता बस खाली. उभी राहून वाचू नको. जीपमधनं कोण उतरलं? बुद्धघोष. शाहीर तात्याराव परंडेकरांचा पोरगा! ज्यांची गाणी तू पुण्यात गातीस, ज्यांच्या आवाजावर तुझा आज्या जयंतीला चप्पल हरपूस्तवर नाचायचा, त्या माणसाचं रक्ताचं लेकरू माझ्या वाकळंवर मांडी घालून बसलं. नाक सगळं बापाचं. मी त्या नाकाकडंच बघत राहिले, चहात साखर दोनदा पडली, आन त्यानं तो चहा तसाच गोड मानून घेतला. मोठ्या घरची माणसं अशी असत्यात बघ.

तर तो काय म्हणला ते सांगते. फोनवर सांगितलं असतं, पर फोनात तू आज्जी आज्जी म्हणत लवकर ठिवतीस, आन बोललेलं वाऱ्यावर जातं. तात्यारावांच्या समद्या गाण्यांचं पुस्तक निघायलंय. त्यांची नजर आता अधू झालीया, म्हणून पोरगं एकेक गाणं वाचून दाखवतंय आन ते सांगत्यात की हे कवा केलं, कुणासाठी केलं. 'तेरणा माय' आलं तवा म्हणले, खाली ठेव, हे माझं न्हाय.

पोरगं म्हणलं, आबा, उभा मुलूख हे तुमचं म्हणून गातोय. तर म्हणले, मी दरसाल स्टेजवर सांगतो की माझं न्हाय, लोक म्हणत्यात मोठी माणसं अशीच बोलत्यात, आन टाळ्या वाजवत्यात. त्यांनी सांगितलेलं असं, की तरुणपणी त्यांची गाण्याची पार्टी एश्टीनं धाराशिवला निघाली होती आन तेरच्या अलीकडं एश्टी बिघडली. रानात बायका खुरपत होत्या, गात होत्या. ते बाभळीखाली ऐकत बसले. तेवढ्यात एश्टी सुरू झाली, कंडक्टरनं घंटा वाजवली, आन गाणं अर्ध्यात राहिलं. रातच्या कार्यक्रमात ते जेवढं आलं तेवढं गायले. शेवट न्हवता. आन पार्टीची रीत तुला ठावंच हाय, शेवटच्या कडव्यात करणाऱ्याचं नाव आल्याबिगर गाणं खाली ठिवत न्हाईत, बिननावाचं गाणं म्हंजे बिनगाठीचं पोतं. मग कोरसनं तिथंच एक कडवं जोडून, त्यात तात्यारावांचं नाव घालून गाठ मारली. पुढं त्याची कॅसेट निघाली, आन गाठ सुटली न्हाय ती न्हायच.

आता तात्यारावांनी सांगितलंय की ज्या बाईचं हे हाय ती सापडूस्तवर अन् ती हो म्हणूस्तवर हे गाणं माझ्या नावानं कुणी स्टेजवर म्हणायचं न्हाय. म्हंजे पौर्णिमा, तू बी न्हाय. धाराशिवला दसऱ्याच्या तोंडावर त्यांचा सत्कार हाय, त्यात तू हेच गाणार हायस, पोस्टरवर तुझा फोटू लागलाय.

पर बाई, म्या पदर सावरला आन म्हणलं, अहो, ते गाणं आमच्या हरणीचं हाय! म्या शेजारच्या पातीला खुरपत होते. तवाच सांगितलं होतं, पर ऐकतंय कोण. तुझ्या आज्याला सांगितलं तर म्हणले, सरे, गाण्यात नाव तात्यारावांचं हाय, तुझ्या मैत्रिणीचं असतं तर तिचं आलं नसतं का. झालं, मिटलं.

तर आमी सगळी मिरवणुकीवाणी हरणीच्या वाड्यावर गेलो. वाडा म्हंजे मेंढरांचा, बरं का. ती वाघर, मेंढरांभवतीची जाळी, बांधत होती. बुद्धघोष तिच्या पाया पडला. तिनं सगळं ऐकून घेतलं, एकदा दैवशालेकडं बघितलं, आन म्हणली, माझं न्हाय ते, मला ठावं न्हाय. आन पदर ओढून मेंढरांत शिरली. जन्माची मैत्रीण, आन माझ्या तोंडावर मला खोटं पाडलं गं तिनं.

बुद्धघोष नंबर लिहून देऊन गेला. तू काय करायचं ते कळव. गुडघे बरे हायत, शेळी व्याली, दोन करडं झाली.

जीव लावतीस तसाच लाव, त्याला तोटा येऊ दिऊ नको.

तुझी आज्जी
सरुबाई


पुणे,
ता. ९ ऑगस्ट २०२५

ती. आज्जी हिस पौर्णिमाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी कॉलेजच्या पायऱ्यांवर वाचलं आणि तू सांगितल्याप्रमाणे खरंच खाली बसले. आज्जी, मी तुझ्या मांडीवर झोपून हे गाणं म्हणत मोठी झाले आणि तू एकदाही बोलली नाहीस! आता तू म्हणशील, तू कधी विचारलंस, तू नुसती गाणी ऐकवत होतीस. तेही खरंच.

मी लगेच माझ्या व्हिडिओखालचं तात्याआबांचं नाव काढलं आणि 'शब्द : शोध चालू आहे' असं लिहिलं. तासाभरात लोकांनी मला झोडपायला सुरुवात केली. एकाने लिहिलं, कालची पोर शाहिरांचं नाव पुसायला निघाली. दुसरं नाव कुणाचं लिहू? हरणाआजी तर नाही म्हणतात.

आणखी एक सांगते, हसू नकोस. लेकरू आणि कोकरू घेऊन नदीकाठी उभ्या राहिलेल्या बाईच्या या गाण्याआधी मी नेहमी अर्थ समजावून सांगते. लेकरू म्हणजे आपली उद्याची पिढी, कोकरू म्हणजे मुका समाज, तेरणा म्हणजे मधे आडवी आलेली व्यवस्था. मग ढोलकी चढत जाते आणि शेवटाला 'पूल बांधाया चला रं' आलं की सगळा हॉल उभा राहतो. पण प्रत्येक वेळी कुणीतरी मागाहून येऊन विचारतंच, ताई, मग त्या बाईनं आधी कुणाला नेलं? मी म्हणते, ते गाण्यात नाही. आता वाटतंय, असेल. एश्टी सुटली म्हणून आपल्यापर्यंत आलं नसेल.

आज्जी, हरणाआजींना गळ घालू नकोस. त्यांनी दैवशालामावशींकडे बघितलं असं तू लिहिलंस, ते माझ्या मनातून जात नाही. त्यांची इच्छा नसेल तर मी धाराशिवला दुसरं गाणं म्हणेन. पोस्टरचं काय, ते पावसात भिजून जाईल. फक्त त्यांना एवढं सांग, की या गाण्यापुढे मला नेहमी उंबऱ्यावर उभं असल्यासारखं वाटत आलंय. आत कोण राहतं ते आता कळलं.

करडांची नावं मी सुचवणार आहे, परस्पर ठेवू नकोस. गुडघ्याला तेल चोळ.

तुझी माया आहेच, तिच्यावर माझा हक्क राहू दे.

तुझीच,
पौर्णिमा


तेर,
ता. १७ ऑगस्ट २०२५

चि. पौर्णिमास आज्जीचा जयभीम, अ. उ. आ.

करडांची नावं ठिवून झाली. एक ढोलकी, एक तुणतुणं. तू उशीर केलास.

आता ऐक. म्या गळ घातली न्हाय, पर गप बी बसले न्हाय. शिवलीलेच्या सोयाबीनमधी तण माजलंय. म्या हरणीला म्हणलं, चल, जरा खुरपू, बसून बसून हाडं गंजली. ती म्हणली, सरे, तुला बसल्यावर उठवायला बैल लागंल. तरी आली. दोघी म्हाताऱ्यांनी दोन पाती धरल्या. निम्मं तण शिवलीलेनं मागनं परत काढलं ते सोड.

तुझं पत्र म्या तिला तिथंच वाचून दाखवलं. उंबऱ्याचं आलं तवा तिचं खुरपं थांबलं. मग परत चाललं. आन त्या खुरप्याच्या खर्र, खर्र वर तिनं हळूच तोंड उघडलं बघ.

एका खांद्यावर लेकरू माझं
एका खांद्यावर कोकरू
तेरणा माय इचारती गं
आधी कुणाला पार करू

पौर्णिमा, तू हे पळवतीस गं. हे पळायचं गाणं न्हाय. एक ओळ म्हंजे खुरप्याचा एक घास, मग माती झटकायची, मग दुसरी ओळ. ती गात होती आन माझ्या अंगावर काटा. मला वाटलं मी परत त्या रानात हाय, कमरंला जोर हाय, आन पलीकडं बाभळीखाली एक काळासावळा पोरगा आमच्या घागरीचं पाणी पिऊन कान दिऊन बसलाय.

लेकरू म्हणतं भूक लागली
कोकरू म्हणतं आई गं
पाणी म्हणतं चढाय लागलं
घाई कर बाई घाई गं

इथवर समद्या मुलखाला ठावं हाय. पुढचं म्या बी इसरले होते, म्या त्या येळंला पातीत हसत होते का काय कुणास ठावं. तिला बी बसून आठवलं नसतं. खुरपं चालत होतं म्हणून हातानं काढून दिलं.

ज्याला कळतं बस म्हणलेलं
त्याला ठिवलं काठावरी
कोकराला कुठं कळतं बाई
त्याला घेतलं खांद्यावरी

आन मग ती रडली न्हाय, काय न्हाय, नुसती तण उपटत राहिली. मला समदं कळलं. ते लेकरू म्हंजे दैवशाला. हरणीनं मला सांगितलं, की दैवशाला ल्हान असताना एके दिशी तेरणा वलांडायची होती, तवर वर कुठंतरी पाऊस झाला आन पाणी कमरंला लागलं. पाण्यात काठी टेकायला एक हात मोकळा लागतो, दोघांना घिऊन जाता येत न्हाय. कोकरू दुसऱ्याचं, राखणीचं. त्याला बस म्हणलं तर बसत न्हाय, पाण्यात उडी घेतंय. लेकीला बस म्हणलं तर ती बसली. म्हणून कोकरू आधी. पलीकडं जाऊन माघारी वळून बघितलं तर ती एवढीशी पोर, गुडघ्याला मिठी मारून, हूं की चूं न करता बसलेली.

हरणी म्हणली, सरे, मी ते गाणं माझ्या जिवाला लागलं म्हणून केलं. मग ते लाऊडस्पीकरवर वाजाय लागलं, दुसऱ्याचं नाव लागलं, मला बरंच वाटलं. दैवशाला त्याच्यावर लग्नाच्या वरातीत नाचली, तिला काय ठावं! आता गाणं माझं हाय म्हणलं की लोक इचारणार आधी कुणाला नेलं. कुणाच्या तरी मेंढीचं पिल्लू नेलं आन तुला ठिवलं, हे पोटच्या पोरीला कसं सांगू?

शेवटी एवढ्यावर आली, की तात्यारावांनी अर्धं ऐकलंय, त्या माणसाला पुरं कळू दे, त्याचा हक्क हाय. पर दैवशालेच्या कानावर न्हाय. तर तू बुद्धघोषला फोन करून हे कडवं सांग, आन सांग की त्या पोरीच्या कानावर जाता कामा न्हाय.

मी आज जेवलेच न्हाय बघ, भूकच लागंना. एवढं मोठं काम एवढ्याशा खुरप्यात मावलं होतं!

मायेनं वाच, माया राख.

तुझी आज्जी
सरुबाई


परंडा,
ता. २५ ऑगस्ट २०२५

आदरणीय भगिनी हरणाबाई यांस तात्याराव परंडेकर याचा सविनय नमस्कार. वि. वि.

मी सांगतो आहे आणि माझा मुलगा बुद्धघोष लिहितो आहे. हे पत्र सरुबाईंच्या घरी पाठवतो, त्यांनीच वाचून दाखवावं.

तुमचं उरलेलं कडवं मला पोचलं. मुलाने वाचलं. मी म्हणालो, पुन्हा वाच.

बाई, मी आयुष्यभर स्टेजवर गळ्याच्या शिरा ताणून एकच गोष्ट सांगत आलो, की ज्याला समज आहे त्यालाच थांब म्हणतात. आमच्या बापजाद्यांना हेच सांगितलं गेलं, तुम्ही समंजस आहात, जरा काठावर बसा. ही गोष्ट सांगायला मला शेकडो गाणी लागली. तुम्ही चार ओळींत ठेवून दिली, आणि ती मेंढराच्या कोकरापलीकडे कुठे गेलीच नाही. तुमच्या त्या काठावर मला माझी आई बसलेली दिसली.

लोक मला मोठा म्हणतात. त्या दिवशी एश्टी निघाली तेव्हा मी उतरून गाणं पुरं ऐकायला पाहिजे होतं, एवढं मात्र मला कळतं.

पुस्तकात तुम्ही जेवढी परवानगी द्याल तेवढंच छापेन. नको म्हणालात तर पान कोरं सोडेन, पण त्यावर माझं नाव घालणार नाही. 'पूल बांधाया चला रं' हे कडवंही माझं नाही. ते आमचे ढोलकीवाले महांतप्पा यांनी स्टेजवर उभ्या उभ्या जोडलं होतं. ते आता नाहीत. त्यांचंही नाव लागेल.

एकदा तुमच्या दारी येऊ द्या. गा असं म्हणणार नाही. नुसतं पाया पडून जाईन.

तुमच्या मनात थोडी जागा असू द्यावी ही विनंती.

आपला,
तात्याराव


तेर,
ता. ७ सप्टेंबर २०२५

चि. पौर्णिमास आज्जीचा जयभीम आन अ. उ. आ. मोठे मोठे.

आले गं! तात्याराव आले! शिवलीलेनं रांगोळी काढली, आन त्यांनी ती ओलांडताना बुद्धघोषचा खांदा धरून केवढं जपून पाऊल टाकलं, माझा तर जीव वर झाला. म्या जयभीम म्हणलं. ते म्हणले, सरुबाई, तुमच्या घागरीचं पाणी मी पिलोय, आता चहा पाजा. ह्यावेळी साखर घालायचीच इसरले. तुझ्या आज्जीचं काय खरं न्हाय.

हरणी हिरवं लुगडं नेसून आली. दैवशाला संगं. तात्याराव वाकाय लागले तर हरणीनं त्यांचे हात धरले, म्हणली, माझ्यापरीस थोरल्या माणसानं पाया पडू नये, पाप लागतं. ते म्हणले, मग मी बसतो. आन खाली बसले, वाकळंवर न्हाय, जमिनीवर. मोठा माणूस गं. ते गा म्हणत न्हवते आन उठत बी न्हवते.

हरणीनं माझ्याकडं हात केला. म्या ओळखलं, कोपऱ्यातलं खुरपं दिलं. तिनं ते नुसतं भुईवर ओढलं, एकदा, दोनदा, आन सुरू केलं. दोन कडवी झाली. थांबली. पलीकडं चुलीपाशी दैवशाला कपबशा घिऊन उभी. मला वाटलं हरणी आता उठंल, जाईल मेंढरांत. तिनं मान खाली घातली आन तिसरं कडवं म्हणलं. ठिवलं काठावरी. घेतलं खांद्यावरी. समदं म्हणलं, पोरीच्या देखत.

दैवशालेनं कपबशा खाली ठिवल्या. इचारलं, आये, हे लेकरू मी व्हय? हरणीनं मुंडी हलवली. तिनं परत इचारलं, आन कोकरू? हरणी म्हणली, लोकाचं. मी म्हणलं आता काय हुतंय. बुद्धघोष भिंतीकडं बघायला लागला.

तर ती पोर, पोर कसली, तिची लेक कॉलेजात हाय, आईच्या म्होरं बसली. म्हणली, मला त्यातलं काय आठवत न्हाय. एवढंच आठवतंय की पाण्यातनं कुणीतरी माझ्याकडं येत होतं आन ते जवळ जवळ येत मोठं मोठं हुत होतं. मला वाटायचं सपान हाय. आये, मी रोज तीस पोरांना बस म्हणते, त्यातलं जे बसतं त्याच्याकडं शेवटी बघते, म्हंजे मी बी तुझीच. पर तू माघारी आलीस ते गाण्यात कुठं हाय? ते घाल की. अर्धं तूच ठिवलंयस, एश्टीनं न्हाय.

मग खुरपं परत भुईवर फिरलं. एक ओळ ती म्हणायची, एक दैवशाला पुढं सरकवायची, तात्याराव डोळे मिटून मांडीवर बोटानं ठेका धरायचे, आन असं ते झालं, आमच्या देखत, माझ्या घरात:

काठावर बसली लेक शहाणी
हाक न मारी, रड न करी
कोकरू ठिवून पल्याड बाई
हरणा आली माघारी

नाव आलं की गं! कुणी घाला म्हणलं न्हवतं, पर नाव आलं. तात्यारावांनी डोळे उघडले, म्हणले, बसली गाठ. आन ते रडले. म्या आजवर त्यांना लाखभर माणसांपुढं हुंकार देताना बघितलं होतं, रडताना आजच. शिवलीला तर दारात उभी राहून मोठ्यानंच.

बुद्धघोषनं लिहून घेतलं. पुस्तकात असं येणार: शब्द हरणाबाई, तेर. शेवटचं कडवं हरणाबाई आन लेक दैवशाला. पुलाचं कडवं महांतप्पा, ते खाली वेगळं. आन तात्यारावांचं नाव कुठं, तर त्यांनी सांगितलं, लिही की तात्यारावानं हे अर्धं ऐकलं आन अर्धंच गायलं. हरणी म्हणली, असं नका लिहू, तुमी गायलात म्हणून ते जगलं. ते म्हणले, बरं, मग तेवढं बी लिही.

तुझ्याइषयी म्या इचारलं. हरणी म्हणली, पोरीला म्हणावं गा, पर खुरप्याच्या चालीनं. आन आधी अर्थ सांगत बसू नको, ज्याला त्याला त्याचा काठ ठावं हाय. ढोलकी शेवटाला वाजवली तर चालंल, महांतप्पाचं मन राहू दे. तात्याराव हसून म्हणले की हुकूम झाला. म्हंजे धाराशिवला तू गाणार, आन हरणी म्होरं बसणार. तू इकडं ये, आमच्यासंगं दोन दिस रानात बस, तवा तुला ती चाल येईल. व्हिडिओखाली आता नाव लिही, आन जे भांडत्यात त्यांना म्हणावं तेरला या.

तुझ्या मायेवरच म्हातारी उभी हाय, तिला टेकू दे.

तुझी आज्जी
सरुबाई

ता. क. जाताना तात्यारावांना हरणीनंच इचारलं, परत कवा येता. पुस्तकात घालायला माय-लेकींचा नदीकाठी फोटू काढायचाय, त्यासाठी घटस्थापनेला येतो म्हणले. दैवशालेनं अंगणवाडीच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल केलाय, सोमवार, २२ सप्टेंबर.